मैदानाला वेगळं दार

मकरंद, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी सवय जुनीच. मुद्दा अंगाशी आला की तू घड्याळ बघायचास, "चला, नीता वाट बघत असेल" म्हणायचास आणि सायकलवर टांग टाकायचास. पण दुसऱ्या दिवशी तुझाच फोन यायचा आणि आदल्या दिवशी जिथे सोडलं होतंस, बरोब्बर तिथूनच तू पुढे सुरू करायचास. या वेळी फोन आला तो नीताचा. सकाळी प्रयोगशाळेत जायला म्हणून सायकल बाहेर काढत होतास, तिथेच खाली बसलास, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी इकडे हॉलंडमधल्याच दुसऱ्या गावी, फोरबर्गला ऑफिसात होते. मी नीताला काय विचारलं असेल? "कुठला मकरंद?" जसे काही माझ्या ओळखीत दहा मकरंद होते.

तुला निरोप द्यायला तुमच्या वाखनिंगनला खूप माणसं आली होती. तुझे सहकारी भुईमुगाच्या रोगांवरच्या तुझ्या कामाबद्दल बोलले, तुझे विद्यार्थी बोलताना रडले, मराठी मंडळातल्यांनी तुझ्या निवेदनाच्या आठवणी काढल्या. नीताने मला दोनदा खूण केली, पण मी उठले नाही. उठले असते तर भांडलेच असते. सगळे तुझ्याबद्दल गोड बोलत होते आणि माझ्या डोक्यात ती तिकडे आफ्रिकेत, मलावीत बांधलेली भिंत होती.

ती गोष्ट सुरू झाली मंडळाच्या दिवाळीत. निवेदक तू होतास. दोन गाण्यांच्या मध्ये विनोद सांगायचा, तर तू एकदम मलावीतल्या त्या गावाबद्दल बोलायला लागलास. भुईमुगाच्या प्रयोगांसाठी तू तिथे वर्षानुवर्षं जात होतास. "शेती ठीक आहे हो," तू माईकवर म्हणालास, "पण शाळा सुटल्यावर पोरांनी जायचं कुठे? संध्याकाळी बायकांनी बसायचं कुठे? आपण तिथे एक जागा बांधू. वाचायला खोली, खेळायला मैदान, म्हाताऱ्यांना टेकायला ओटा." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चकल्यांकडे वळले. तू मात्र स्टेजवरून उतरलास तो थेट माझ्यापुढे. "तू बांधकामवाली. नकाशा काढ."

मी म्हटलं, "अरे, मी हॉलंडच्या चिखलात खांब उभे करते. तुझ्या गावात काय उभं करू?"

"आधी ये आणि बघ," तू म्हणालास.

आले आणि बघितलं. लाल माती, मक्याची शेतं, शाळेच्या आवारात आंब्याची झाडं. आणि अमायी ग्रेस. अमायी म्हणजे आई, तिच्या वयाच्या बाईला तिथे असंच म्हणतात. निवृत्त शिक्षिका, गावाने नेमलेल्या समितीची प्रमुख आणि बायकांच्या नेटबॉलची पंच. गळ्यात कायम शिट्टी. नेटबॉल मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. बास्केटबॉलसारखाच, फक्त चेंडू आपटत न नेता एकमेकींकडे फेकत न्यायचा. शेतातून आलेल्या बायका कमरेचं रंगीत कापड घट्ट खोचून असा काही खेळत होत्या की तू आणि मी नकाशा गुंडाळून तोंड उघडं टाकून बघत बसलो. एकीने खेळता खेळता पाठीवरचं बाळ सोडून सरळ तुझ्या मांडीत ठेवलं. सामना संपेपर्यंत तू हललासही नाहीस.

विटा गावाने पाडल्या, भट्टीही त्यांनीच लावली. वाळू आणि पाणी बायकांनी डोक्यावरून आणलं. सिमेंट आणि पत्रे आपल्याकडून, म्हणजे मंडळाच्या फराळाच्या विक्रीतून आणि तू ज्याच्या-त्याच्या गळ्यात पडून मिळवलेल्या देणग्यांतून. इथवर आपलं सगळं सुरळीत होतं. मग तू माझ्या नकाशावर लाल पेन चालवलंस.

मैदानाला कुंपणाची भिंत हवीच होती, नाहीतर गावातल्या शेळ्या तिथेच मुक्काम करणार. त्या भिंतीत मी रस्त्याच्या बाजूने एक रुंद दार दिलं होतं. तू ते खोडलंस. मैदानावर जायचं ते वाचनाच्या खोलीतूनच, असं तुझं म्हणणं. पुढच्या दाराने आत यायचं, पुस्तकांच्या कपाटांमधून जायचं आणि मागच्या दाराने मैदानात उतरायचं.

"हे काय?" मी विचारलं.

"खेळायला कुणाला बोलवावं लागत नाही. वाचायला बोलवावं लागतं. जाता-येता पुस्तक दिसलं तर दहातला एक तरी थांबेल."

"मकरंद, तू पुण्यातून निघालास, पण पुण्याच्या शिकवणीतून नाही निघालास. आधी अभ्यास, मग खेळ. हेच ना?"

"हेच," तू म्हणालास. लाज नावाला नाही.

आणि त्यावर कळस म्हणजे चपला. खोलीत पुस्तकं आहेत म्हणजे चपला बाहेर. हा तुझा नियम. तिथल्या लोकांना पुस्तक आणि चप्पल यांचं वैर ठाऊकच नव्हतं. अमायीने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टरांची इच्छा असेल तर तसं करू." पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून ती मान्य करते आहे, हे मला दिसत होतं. तुला फक्त होकार ऐकू आला.

उद्घाटनाची संध्याकाळ मी विसरणार नाही. भाषणं झाली, गाणी झाली, अमायीने शिट्टी फुंकली आणि अख्खं गाव मैदानाकडे निघालं. पुढच्या दारात चपला काढायच्या, हातात घ्यायच्या, कपाटांमधून वाट काढायची, मागच्या दारात पुन्हा घालायच्या. पाठीवर बाळं, हातात चपला, काखेत चेंडू. एक चेंडू निसटला आणि भूगोलाच्या कपाटावर जाऊन आपटला. टेबलाशी एक मुलगी खरंच वाचत बसली होती. माणसं जाताना ती पाय वर घेत होती, खुर्ची सरकवत होती. शेवटी पुस्तक मिटून उठली आणि तीही मैदानात गेली. तू ओट्यावर म्हाताऱ्यांबरोबर बसला होतास. मी येऊन तुला हे सांगितलं, तर तू म्हणालास, "होईल सवय."

सवय झाली नाही. तिथे सहाच्या सुमारास अंधार पडतो. शेतातली आणि घरातली कामं उरकून बायकांना जो थोडा उजेड मिळायचा, त्यातला बराचसा दारातल्या गर्दीतच जायचा. काहीजणी यायच्या थांबल्या. वाचणारे तर आधीच थांबले होते, कारण बाजार भरल्यासारख्या खोलीत वाचणार काय? अमायी फोनवर मला हे सांगायची. तुला नाही सांगायची. तुझ्यावर तिचा जीव होता. माझ्यावर नव्हता असं नाही, पण माझ्याशी तिला तक्रार करता यायची.

मग मी तुझ्यामागे लागले. तुझ्या घरी, मंडळात, फोनवर. तुझ्या लेकीच्या, इराच्या हॉकीवरूनही मी तुला सोडलं नाही. गृहपाठ झाल्याशिवाय हॉकीची स्टिक हातात घ्यायची नाही, हा तुझ्या घरचा कायदा. पोरगी तोंड फुगवून टेबलाशी बसायची आणि तू शेजारी पेपर वाचत पहारा द्यायचास. "घरातली एक भिंत पुरली नाही म्हणून मलावीत दुसरी बांधलीस," असं मी नीतादेखत म्हटलं होतं. नीता हसली, तू हसला नाहीस. ते लागलं तुला. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

पण मला हेही आज लिहायचं आहे की तुझ्याइतकं माझं कुणी ऐकून घेतलं नाही. मी या देशात नवीन होते, नवरा दिवसभर ऑफिसात, मला डच येत नव्हतं आणि माझ्या डिग्रीकडे कुणी बघत नव्हतं, तेव्हा "चुका करत बोल, पण बोल" असं सांगणारा तूच होतास. माझ्या पहिल्या मुलाखतीची तयारी तू करून घेतलीस, तीही उलटसुलट प्रश्न विचारून मला रडवून. सोलापूरला माझे वडील, अण्णा गेले आणि मला वेळेवर पोचता आलं नाही, तेव्हा नीताच्या हातचं पिठलं-भाकरी घेऊन तू वाखनिंगनहून फोरबर्गला आलास. भर पावसात, दोन ट्रेन बदलून. आलास आणि गप्प बसलास. त्या संध्याकाळी मी तोंडाला येईल ते बोलत होते, देवाला, सरकारला, भावाला शिव्या घालत होते, आणि तू एकदाही माझं काही खोडलं नाहीस. मला तेव्हा आभार मानायचं सुचलं नाही. नंतर म्हणायला गेले असते तर तू थट्टा केली असतीस.

आपलं शेवटचं बोलणं मात्र भिंतीवरूनच झालं. मी म्हटलं, "आता मी अमायीला सांगून टाकते, भिंतीत दार काढा म्हणून."  तू म्हणालास, "मी उन्हाळ्यात जातोच आहे. बघू." एवढंच. त्या शब्दाचं काय करायचं ते मला कळेना. तू नको म्हणाला नव्हतास. हो तर तुझ्या तोंडून कधी निघतच नसे.

तू गेल्यावर अमायीने फोन केला. गाव मैदानात जमलं होतं, तुझ्यासाठी प्रार्थना झाली, गाणी झाली. त्या दिवशी कुणी खेळलं नाही. मग ती म्हणाली, "शुभा, तुला एक सांगायचं राहिलं होतं. दार कुठे काढायचं ती जागा बायकांनी ठरवली होती. डॉक्टर तुमच्या उन्हाळ्यात आले की आम्ही सगळ्या मिळून त्यांना विचारणार होतो. आता ते राहू दे. माणूस गेल्यावर त्याचा शब्द कसा बदलायचा? भिंत आहे तशी राहील. आम्ही तिच्यावर त्यांचा फोटो लावू."

 तू जिवंत असतास तर ती भिंत उन्हाळ्यात फुटली असती. मेलास आणि ती पक्की झाली. आता ती कधीच कुणी फोडणार नाही आणि लोक तुझ्या फोटोला नमस्कार करत, चपला हातात घेऊन, त्याच चिंचोळ्या वाटेने जात राहणार. नीताशी बोलले, तर ती म्हणाली, "राहू दे ना शुभा. त्याची आठवण आहे ती."  मीही मनात म्हटलं, राहू दे. मेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं?

दहाव्याला आम्ही ऱ्हाईनच्या काठावर जमलो. बाडहूव्हडॉर्पचे जोशीकाका रजा टाकून आले होते. एरवी विमानतळावर मालाच्या खोक्यांमध्ये असतात, पण आपल्या लोकांचं असं काही असलं की धोतर नेसून हजर. पिंड इराने ठेवला. जोशीकाकांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. झाडावर कावळे होते. आपल्याकडच्यासारखेच काळे, थोडे अंगाने बारीक. एकही खाली उतरेना.

आपण वाट बघतो ना, तसे सगळे हात जोडून उभे. थंडी मी म्हणत होती. नीता म्हणाली, "इराची काळजी करू नकोस. मी आहे." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं, तुझे अर्धवट राहिलेले प्रयोग विद्यार्थी पूर्ण करतील. तरी नाही. जोशीकाकांना मंडळातलं सगळं ठाऊक, त्यांनी घसा खाकरला आणि नदीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले, "मकरंदराव, तुमच्या मनासारखं होईल. ती भिंत आहे तशीच राहील हो!"

"नाही राहणार!" मी ओरडले.

सगळे माझ्याकडे वळले. मला थांबता आलं नाही, मकरंद. त्या झाडाकडे बघत मी तुला म्हटलं, "असं जिंकायचं नाही. मरून जिंकायचं नाही. तुला भिंत हवी असेल तर ये आणि माझ्याशी बोल. त्या बायकांचा उजेड संपतो रे तुझ्या दारात! वाचायला एक माणूस बसत नाही तिथे. तुला मी वचनबिचन काही देणार नाही. कावळा नाही शिवला तर नाही शिवला." असं बरंच काहीबाही बोलले. शेवटी नुसतीच रडायला लागले.

तेवढ्यात मागून एक लॅब्रडॉर धावत आला आणि त्याने दोन घासांत पिंड संपवला. त्याची मालकीण शरमेने लाल होऊन पळत आली. "सॉरी होर, सॉरी होर," करत पट्टा शोधायला लागली. जन्मभर तू कुत्र्यांना घाबरून सायकल पलीकडच्या रस्त्याने काढलीस आणि शेवटी हे! जोशीकाका दर्भाचा कावळा करायला खिशात हात घालून होते, ते तसेच थबकले. मग म्हणाले, "श्वानसुद्धा चालतो. शास्त्रात आहे." आहे की नाही कोण जाणे. नीता हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा हसली, आणि मग माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बरं झालं भांडलीस. सगळे इतके दिवस त्याच्याशी इतकं नीट बोलतायत, की तो गेला असंच वाटायला लागलं होतं."

परतताना इरा माझ्याबरोबर चालत होती. तुझी लेक ऐकते मराठीत आणि उत्तर देते डचमध्ये, ते काही बदललेलं नाही. "मावशी," ती म्हणाली, "दात देय्द हाय आल्लांग नीट मेर." म्हणजे, बाबाने ते केव्हाच सोडून दिलं होतं.

"काय सोडलं होतं?"

गृहपाठाचं, ती म्हणाली. या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून तिला आधी हॉकी, मग अभ्यास. तू तिला मैदानावर सोडायचास आणि कडेच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायचास. घरी आली की ती आपणहून टेबलाशी बसायची. एकदा तिने तुला विचारलं, हा नियम कसा काय बदलला? तू म्हणालास, "बदललाय, पण शुभामावशीला सांगू नकोस."

मी तिथेच उभी राहिले. इतका राग आला तुझा, आणि इतकं बरं वाटलं. अरे माणसा, एक फोन करायचास! "शुभा, तुझं बरोबर होतं," एवढं नसतं म्हणता आलं, तर निदान "बघू"च्या पुढे एक शब्द. मी काही पेढे वाटले नसते. वाटले असते, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन मी अमायीला फोन लावला. तिला इराची गोष्ट सांगितली, कुत्र्याची सांगितली, मी नदीकाठी केलेला तमाशाही सांगितला.  सगळं ऐकून तिने विचारलं, "तू त्यांच्याशी सगळ्यांसमोर भांडलीस?" मी हो म्हटलं. "मग तुमच्यात अजून बोलणं आहे," ती म्हणाली. "मग चालेल. पण आमच्यातली कुणी त्या भिंतीला हात लावणार नाही. त्यांची मुलगी येऊ दे. पहिला घाव तिचा. पुढचं आम्ही बघतो."

शाळेला सुट्टी लागली की इरा, नीता आणि मी निघतो आहोत. इराला मी सांगितलं, घण जड असतो. ती म्हणाली, हॉकीवाल्यांचे खांदे मावशीसारखे नसतात. तुझीच मुलगी.

एक गोष्ट ठरायची राहिली होती. अमायीने परवा विचारलं, भिंत तर फुटणार, मग फोटो कुठे लावायचा? नीता म्हणाली ओट्यावर, म्हाताऱ्यांमध्ये. इरा म्हणाली मैदानात, गोलच्या मागे. मी म्हटलं, त्याची जागा वाचनाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलासमोर. तिघींनाही ते पटलं.

आता तिथून कुणाची ये-जा नसेल, मकरंद. वाच निवांत.